पोन्निस्तुसच्या यादीतलं नाव

तिरोडा, जि. गोंदिया
१९ ऑक्टोबर २०२४

चि. मोनाली हिस बाबाचा सप्रेम जय भीम.

पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. एक वर्ष दोन महिने झाले. अनेकदा लिहायला बसलो आणि दोन ओळी झाल्या की कागद फाडला. माझं शिक्षण सातवी. मिलमध्ये बॉयलरचं प्रेशर वहीत लिहिण्यापुरतंच माझं लिहिणं. तुला लिहायचं म्हटलं की हात थांबतो.

तू माझा आणि तुझ्या भावाचा, लोकेशचा, नंबर बंद करून ठेवला आहेस. ठीक आहे. तुझ्या घरचा पत्ता आमच्याजवळ नाही, म्हणून हे पत्र तुझ्या फुटबॉल क्लबच्या पत्त्यावर पाठवत आहे. क्लब मला कसा माहीत झाला ते सांगतो. तहसीलसमोर भुपेंद्रचं ऑनलाइनचं दुकान आहे, दाखले-सातबारा काढून देतो. जून महिन्यात पेन्शनच्या कामाला त्याच्याकडे बसलो होतो. मी म्हटलं, ‘बापा, याच्यात माणूस सापडते का?’ तो म्हणाला, ‘नाव सांगा मामाजी, यमराजाचाही पत्ता काढून देतो.’ तुझं नाव सांगितलं. दोन मिनिटांत फोटोच समोर आला. वेनेकोस्केन पोन्निस्तुस, महिला टीम, गोलकीपर, मोनाली शहारे, नंबर १२. अंगात हिरवा शर्ट, हातात नारिंगी मोजे. गालफडं बसलेली वाटली. की फोटोच तसा आला आहे?

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी भुपेंद्रकडे जातो. तो बटन दाबून फिनलंडच्या भाषेची मराठी करतो. मराठी वाकडी येते, पण समजते. टीम जिंकली की हरली ते मी नंतर पाहतो. आधी यादी. गोलकीपरचं नाव पहिलंच असते, त्यामुळे शोधावं लागत नाही. नाव दिसलं म्हणजे पोरगी उभी आहे, हातपाय धड आहेत, जेवते-खाते आहे. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. जुलैत तुम्ही सहा-शून्यनं हरले तेव्हा मात्र फार वाईट वाटलं. सहा वेळा वाकून जाळ्यातून बॉल काढावा लागला असेल.

आता २९ सप्टेंबरनंतर तुझं नाव नाही. मॅचच नाही. दोन सोमवार रिकामे गेले. आपल्याकडे धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की खेळ सुरू होतात. कबड्डी म्हणा, क्रिकेट म्हणा, सगळे सामने दिवाळीनंतर. पावसाळाभर खेळायचं आणि ऐन हंगाम आला की गप्प बसायचं, असं कोणतं गाव करते? क्लबात भांडण झालं का? क्लब बंद पडला का? मग तू कुठे गेलीस? रविवारी तुझ्यासोबत कोण असते?

आईच्या बाबतीत जे झालं ते घरच्यांनी मिळून ठरवलं होतं. तुझी भाषेची परीक्षा आधी होऊ द्यावी असं लोकेशचंही म्हणणं होतं. तुझ्या भल्याचंच होतं. त्यावर आज जास्त लिहीत नाही.

पत्त्याची अक्षरं मोबाईलवर पाहून चित्र काढावं तशी काढली आहेत. काही अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन ठिपके आहेत, तेही दिले आहेत.

तुझा बाबा
देवीदास शहारे


१५ डिसेंबर २०२४

चि. मोनाली,

पोस्टातल्या बाईंनी कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, माझी रजिस्ट्री तिथे पोहोचली. तू वाचली की नाही, ते कॉम्प्युटरवर दिसत नाही म्हणतात.

क्लबचं समजलं. मी आठवडाभर डोकं खात होतो तेव्हा भुपेंद्र हसून म्हणाला, ‘मामाजी, तिथी आता मैदानावर बरफ हाये. पोरी बॉल खेळतीन का बरफाचा गोला खातीन?’ एप्रिलपर्यंत तुमचा खेळ बंद. मला तिथला हंगाम काय माहीत? तीन आठवडे उगाच जिवाला घोर लावून घेतला. पण मग दुसरी चिंता लागली. मैदानावर एवढा बर्फ, तर तू कामाला कशी जातेस? म्हाताऱ्या लोकांना उचलायचं-बसवायचं तुझं काम, सकाळी सहाची ड्यूटी. रस्त्यात पडलीस तर?

क्लबच्या इतिहासाचं एक पान आहे. भुपेंद्रनं ते छापून दिलं, अकरा कागद झाले. बर्फ वितळेपर्यंत वाचायला तेवढंच आहे माझ्याजवळ. तू तिथे राहतेस, तुला हे माहीत असेल, तरी लिहितो. १९३१ साली कागदाच्या मिलमधल्या मजुरांनी क्लब काढला. मालक जागा देईना, म्हणून मिलच्या मागचं जंगल त्यांनी सुटीच्या दिवशी स्वतः तोडलं, दगड उचलले, लाकडाच्या भुशानं जमीन सारखी केली. पोन्निस्तुस म्हणजे जोर लावणे. पहिला गोलकीपर कोण होता माहीत आहे का? तोइवो नावाचा माणूस, मिलच्या बॉयलरवर लाकडं टाकायचा. ते वाचून मी भुपेंद्रला दोनदा विचारलं की मशीननं बरोबर मराठी केली ना. मीही तेवीस वर्षं धान वाफवायच्या बॉयलरवर भुसाच टाकला. आमच्या मिलमध्ये कोणी टीम काढली नाही. बारा तासांनंतर पाय उचलत नव्हते. त्या लोकांचे कसे उचलत होते, कोण जाणे.

महिला टीम १९७४ साली झाली, पोरी मिळेनात म्हणून १९८८ साली बंद पडली, २०१५ साली पुन्हा उभी राहिली. मध्ये मिलच बंद झाली. मिल गेली तरी क्लब राहिला, हे मला फार नवल वाटते. इथे आमची मिल बंद झाली तर चिमणीशिवाय काही राहिलं नाही. पुरुषांच्या दोन टीम आहेत, पहिली जिंकायला आणि दुसरी बहुतेक हरायला. एक म्हाताऱ्यांची टीम आहे, तिच्यात एकाहत्तर वर्षांचा गडी डावीकडून खेळतो. भुपेंद्र म्हणतो, ‘तुमीही भरती होऊन जा जी मामाजी, त्याईले माणूस कमी हाये.’

सातव्या कागदावर लढाईचं आहे. टीममधले अठरा जण लढाईवर गेले, सात परत आले नाहीत. तार क्लबच्या ऑफिसात यायची. कॅप्टन पायानं अधू होता म्हणून गावातच राहिला होता. तार आली त्याच दिवशी तो त्या माणसाच्या घरी चालत जायचा. एकदा बर्फातून चौदा किलोमीटर गेला. घरच्यांना सांगितल्याशिवाय क्लबचा झेंडा खाली घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

तो कागद मी बाकीच्यांतून वेगळा काढून ठेवला आहे. पुन्हा वाचत नाही.

तू गोंदियाला रेल्वेच्या मैदानावर खेळायचीस तेव्हा मी एकही मॅच पाहिली नाही. आई यायची. झाडाखाली सूप घेऊन बिड्या वळत बसायची. तिला खेळ काही समजत नव्हता. घरी आल्यावर तेवढं सांगायची, ‘आज पोरगी नऊ वेळा पडली.’ मी म्हणायचो, ‘पडायलेच जाते का ती?’

गरम कपडे घालत जा. कानाला बांधत जा. दोन ओळी पाठव.

बाबा


२८ एप्रिल २०२५

मोनाली,

या वर्षीची यादी आली. बावीस नावं आहेत, तुझं नाही. गोलकीपर म्हणून एल्ली नावाची एकोणीस वर्षांची पोरगी आहे आणि आणखी एक आहे. नंबर १२ कोणालाच दिलेला नाही.

मी सगळ्या टीम पाहिल्या. पुरुषांच्या दोन्ही पाहिल्या. तिथे तू कशी असशील, तरी पाहिल्या. लहान पोरींच्या पाहिल्या, म्हाताऱ्यांचीही पाहिली. भुपेंद्र म्हणाला, ‘क्लब बदलला असन तिनं. मोठ्या टीमनं नेलं असन.’ असेल. पण त्याचं तोंड तसं दिसत नव्हतं. लोकेश म्हणतो हात-पाय मोडला असेल, खेळणारे लोक मोडून घेतातच. हे तो मला धीर देण्यासाठी म्हणतो!

नोकरी गेली का? परत यायला लावलं का? की माझी पत्रं क्लबात जातात म्हणून तू क्लबच सोडलास? तसं असेल तर मी लिहिणं बंद करतो. तू खेळ. तेवढं तरी कोणाकडून कळव.

बाबा


१९ मे २०२५

मोनाली,

लिहिणं बंद करतो म्हटलं होतं. जमलं नाही. एक गोष्ट सापडली आहे, ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुझा काही पत्ता लागावा म्हणून मी आणि भुपेंद्र मागच्या मॅचेसची पानं उलटत होतो. प्रत्येक मॅचची हकीकत कोणीतरी लिहून ठेवते. मागे-मागे जाता २०२३ पर्यंत गेलो. १३ ऑगस्ट २०२३, रविवार. पोन्निस्तुस दोन, पाहुणे एक. शेवटची पाच मिनिटं असताना समोरच्यांना पेनल्टी मिळाली आणि गोलकीपर शहारे हिनं डावीकडे झेप घेऊन बॉल अडवला. खाली लिहिलं आहे, मॅचनंतर ती हसत म्हणाली, ‘आता घरी जाऊन आईला फोन करते. मी किती वेळा पडले हे ती नेहमी विचारते. आज सांगेन, एकदा चांगली पडले.’

भुपेंद्रनं वाचून दाखवलं. मग तो उठून बाहेर गेला आणि मला पाणी आणून दिलं. त्याला तारीख माहीत आहे. तो मौतीला आला होता.

तुझी आई शुक्रवारी, ११ तारखेला सकाळी गेली होती. रविवारी रात्री जेवणाच्या वेळेला तुझा फोन आला. घरात माणसं बसलेली होती. मी फोन घेऊन मागे मोरीपाशी गेलो. तू म्हणालीस, ‘बाबा, आईले दे ना, एक गोष्ट सांगायची हाये.’ मी म्हटलं, झोपली. ‘एवढ्या लवकर?’ मी म्हटलं, दिवसभर पाऊस होता, थकली. तू म्हणालीस, ‘एवढा गलका कायचा होऊन राहिला?’ मी म्हटलं, टीव्ही होय. मग तू म्हणालीस, ‘उठली का सांगजो, मोना आज पडली, पण चांगली पडली.’ मी म्हटलं, सांगतो.

तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की सगळ्यांनी मिळून ठरवलं. ते खोटं आहे. लोकेश हात जोडून म्हणत होता, ‘बाबा, तिले सांगू द्या.’ मी त्याचा मोबाईल काढून घेतला. परीक्षा सोडून तू येशील, तिथलं राहणं रद्द होईल, तुझी पाच वर्षांची मेहनत जाईल, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण परीक्षा तर १९ तारखेला दुपारी संपली. तुझा फोन आला, पेपर चांगला गेला म्हणालीस. तरी मी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्या म्हणजे २० तारीख, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. शकुंतला मावशीनं हार घातलेला फोटो स्टेटसला ठेवला आणि तुला तिथून समजलं. मावशीवर राग धरू नको. मीच तिला काही सांगितलं नव्हतं. तू फोन करून एवढंच विचारलं होतंस, ‘कधी?’ मी तारीख सांगितली, आणि तू फोन ठेवलास.

परीक्षा संपल्यावरही का सांगितलं नाही, ते मला आजही धड सांगता येत नाही. भीती वाटत होती, एवढं खरं.

आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहवत नाही.

बाबा


१४ जुलै २०२५

मोनाली,

आज सोमवार. सकाळी भुपेंद्रनं दुकानातूनच हाक मारली, ‘मामाजी, पेढे आणा जी!’ क्लबच्या पानावर तुझा फोटो आहे. मैदानाच्या कडेला बाकावर बसली आहेस, बाजूला एल्ली तुझे नारिंगी मोजे घालून उभी. खाली लिहिलं आहे, आमची गोलकीपर मोनाली या हंगामात बाकावरून टीम पाहते आहे, कारण ऑगस्टच्या शेवटी तिच्या घरी बाळ येणार आहे.

मी भुपेंद्रला फोटो मोठा करायला लावला. तुझे पाय सुजलेले दिसतात. मीठ कमी कर. तुझ्या मागे दाढीवाला एक उंच माणूस आहे, त्याच्या हातात छत्री आहे. भुपेंद्र म्हणतो जावई होय. मी म्हटलं टीमचा डॉक्टर असेल. आमचं त्यावर बरंच झालं. कोण आहे हे मी विचारत नाही. छत्री तुझ्या डोक्यावर धरलेली आहे, एवढं पाहिलं.

आता खरं लिहितो. मी पासपोर्ट काढला आहे. मे महिन्यातच अर्ज केला होता, तुझं नाव यादीत दिसलं नाही तेव्हा. नागपूरला जाऊन बोटांचे ठसे दिले. मग ठाण्यातून शिपाई चौकशीला आला. म्हणाला, ‘आजोबा, फिनलंडात कोण हाये?’ मी म्हटलं मुलगी. ‘बोलावलं का तिनं?’ मी म्हटलं, ‘बोलावन.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सही घेऊन गेला. पासपोर्ट मागच्या आठवड्यात आला. भुपेंद्र म्हणतो, यापुढे जायचं तर तिथल्या माणसाची चिठ्ठी लागते, की या माणसाला मी बोलावते आहे.

पहिलं बाळंतपण माहेरचं असते. तू इथे येऊ शकत नाहीस, आणि आलीस तरी घरात बाईमाणूस नाही. म्हणून मी विचार केला, माहेरच तिकडे आलं तर? हसू नको. शकुंतला मावशीजवळ बसून मेथी-सुंठीचे लाडू करायला शिकलो आहे. पहिले दोन घाणे करपले, तिसरा जमला. कपडे धुतो, भांडी घासतो. बाळाला शेक कसा द्यायचा तेही मावशीनं दाखवलं. आयुष्यभर बॉयलर सांभाळला आहे, आच किती ठेवायची ते मला समजते.

पण ये म्हणण्याआधी तुला ती राहिलेली गोष्ट माहीत पाहिजे. ती लपवून मी तुझ्या दारात आलो तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

बुधवारी, ९ तारखेला, दवाखान्यात तुझी आई शुद्धीवर होती. मला म्हणाली, ‘मोनूले फोन लावून देवा.’ मी म्हटलं, तिची परीक्षा होऊ दे, मग बोलशील. ती म्हणाली, ‘परीक्षा होईस्तोर मी थांबन का?’ मी हसून म्हटलं, ‘थांबशील ना, कायले नाही थांबशील.’ फोन माझ्या खिशात होता. तिनं पुन्हा मागितला नाही. माझा हात धरून पडून राहिली. तिला तुझ्याशी बोलायचं होतं आणि मी बोलू दिलं नाही. हे लोकेशलाही माहीत नाही. आज तुला सांगितलं, आता त्यालाही सांगेन.

हे वाचून तू ‘येऊ नका’ म्हणशील तर मी येणार नाही. पासपोर्ट कपाटात राहील. लाडू पार्सलनं पाठवता येतात का ते पोस्टातल्या बाईंना विचारून ठेवतो. पण काही न कळवता राहू नको. ऑगस्टचा शेवट म्हणजे दीडच महिना राहिला. पत्र जायलाच वीस दिवस लागतात, म्हणून यात माझा नंबर पुन्हा लिहिला आहे. तो फोन आता दिवसरात्र माझ्याजवळच असतो, आणि मी कुठेही जात नाही.

ये म्हण, नाही तर नको म्हण. जे असेल ते तुझ्या तोंडून कळव, मोना. लवकर कळव.

तुझा बाबा